टिटवीची माफी आणि घोरपडीचा टिळा

एका जंगलात, पोरांनो, तिकीट काढून जीपमधून बघतात तसल्या नव्हे, चांगल्या काट्याकुट्याच्या जंगलात, ठमाबाई नावाची एक टिटवी राहत होती.

टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. तिला ती थेरं जमत नाहीत. उघड्या माळावर चार खडे बाजूला सारायचे, तिथेच अंडी घालायची आणि कुणी जवळ फिरकलं की जंगल डोक्यावर घ्यायचं, एवढाच तिचा संसार. ठमाबाई ओरडली की नदीतले मासेसुद्धा तळाला जाऊन बसत. लोक म्हणत, टिटवी ओरडली की काही तरी अशुभ घडतं. खरं म्हणजे अशुभ आधी घडायला लागतं आणि मग टिटवी ओरडते. पण हे लोकांना कोण सांगणार? ठमाबाई सांगायची. लोक ऐकत नसत.

तिचा दादला ‘जरा पाणथळ बघून येतो’ म्हणून गेला होता. तो अजून बघतच होता.

ठमाबाईच्या अंड्यांशेजारी दिवसभर एक घोरपड बसलेली असायची. तिचं नाव पुराक्का. ती मूळची नदीपलीकडची. पलीकडची म्हणजे किती, तर एके वर्षी नदीला पूर आला, पलीकडचा एक कुजका ओंडका वाहत इकडे लागला, आणि त्या ओंडक्याच्या ढोलीत एक अंडं होतं. ते इकडच्या उन्हात फुटलं. आतून निघाली ती पुराक्का. तिने डोळे उघडले ते इथे. पहिला किडा खाल्ला तो इथला. पहिला मार खाल्ला तोही इथल्याच मुंगसाचा. तरी जंगलाच्या लेखी ती परकी. अंडं तिकडे घातलेलं ना!

परक्यांच्या कपाळाला गेरूचा टिळा लावायची त्या जंगलात पद्धत होती. टिळा आहे तोवर राहा, टिळा पुसला की चालते व्हा. तुम्ही माणसं त्याला व्हिसा म्हणता आणि त्यासाठी काचेसमोर ताटकळत उभी राहता. जनावरांना तेवढी अक्कल नव्हती. ती आपली गेरू लावत.

आता दुसरी गोष्ट. पुराक्काने गुन्हा केला होता. हे झाकायचं काही कारण नाही. गोष्टीतल्या गरीब बिचाऱ्या नेहमी धुतल्या तांदळासारख्या असतात, ही तशी नव्हती. तीन उन्हाळ्यांपूर्वी ठमाबाई पाण्यावर गेलेली बघून हिने तिची चारी अंडी खाल्ली. भूक होती का? होती. पण चौथ्या अंड्यापर्यंत ती नक्कीच उरली नव्हती.

पंच बसले. त्यांनी पुराक्काला अख्खा हिवाळा ओल्या कपारीत डांबलं. उन्हाशिवाय हिवाळा म्हणजे काय ते घोरपडीलाच विचारा. कपारीतून सुटली तर पुढे राखण. हा त्या जंगलाचा फार जुना रिवाज. ज्याचं वाटोळं केलंस, त्याच्या दारात बसायचं आणि त्याचं उरलंसुरलं राखायचं. कुठवर? तर तो आपल्या तोंडाने ‘भरलं’ म्हणेपर्यंत.

बहुतेक लोक एका हंगामात ‘भरलं’ म्हणून मोकळे होत. गुन्हेगाराचं तोंड रोज उठून बघायचा कंटाळाच येतो की!

ठमाबाई म्हणाली नाही.

“म्हण की गं आता,” पुराक्का म्हणायची. “माझ्या बुडाखाली खळगा पडलाय इथे.”

“पडू दे. माझी चार पोरं कुठे पडलीत ते सांग आधी.”

“चुकलं म्हटलं ना, बाई!”

“खाताना चुकलीस का? नाही ना? चांगली नेमकी खाल्लीस.”

“तुझ्या जिभेपेक्षा ती कपार बरी होती, ठमाबाय.”

“मग जा कपारीत. आणि जाताना त्या झुडपामागे बघून जा. मघापासून सळसळतंय काही तरी.”

पुराक्का बघून यायची. ती नुसती शेपटी आपटत निघाली की झुडपामागची धामण मागच्या मागे पसार व्हायची. ही धामण इथलीच बरं का, सात पिढ्यांची. तिच्या कपाळाला टिळा नव्हता, कारण तिला टिळ्याची गरज नव्हती. पण पुराक्का माळावर बसायला लागल्यापासून ठमाबाईचं एकही अंडं गेलं नव्हतं. दोन उन्हाळ्यांची पिल्लं मोठी होऊन उडून गेली होती. यंदाही चार अंडी होती आणि आतून टकटक ऐकू यायला लागली होती.

तर असं चाललं होतं. ठमाबाई कधी ‘भरलं’ म्हणत नव्हती आणि पुराक्का कधी मनापासून मागत नव्हती. दोघी भांडत होत्या आणि दोघींचं बरं चाललं होतं.

लोकांचं बरं चाललेलं दिसलं की सरकारला फार काळजी वाटते.

एके सकाळी एक अख्खं चितळ संपवून, मिशा पुसून, वाघमहाराजांनी जाहीर केलं की जंगलात कुणी सुरक्षित राहिलेलं नाही. (महाराजांचं जेवण गुन्ह्यात धरत नसत. ते महाराजांचं जेवण असे.) म्हणून नवा नियम झाला. ज्या परक्याने गंभीर गुन्हा केला आहे, आणि त्याची शिक्षा पुरी भोगून झाली आहे, त्याचा टिळा पुसावा आणि त्याला नदीपार करावं.

“शिक्षा भोगून झालीय, तर मग हे आणखी काय?” एका सशाने विचारलं.

“ही शिक्षा नव्हे. ही व्यवस्था आहे,” त्याला सांगण्यात आलं.

ससा कान पाडून मागे सरकला. व्यवस्था म्हटलं की बिळात जायचं असतं, एवढं सशांना जन्मतःच कळतं.

नियम राबवायचं काम कोतवालाकडे आलं. कोतवाल म्हणजे तो काळा, चकचकीत, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. त्याच्या अंगात एक कला आहे. तो कुणाच्याही आवाजात बोलतो. पोपटासारखं पाठ केलेलं नव्हे, अगदी त्या जनावराच्या घशातून आल्यासारखं. सरकारी नोकरीत ही कला फार उपयोगी पडते.

कोतवाल माळावर आला आणि बघतच राहिला.

“आरोपी अंड्यांपाशी! शेपटीच्या अंतरावर! दिवसाढवळ्या!”

“अहो साहेब, मला इथेच बसायला सांगितलंय,” पुराक्का म्हणाली. “राखणीला.”

“अंडी खाणारी अंड्यांच्या राखणीला?” कोतवाल असा हसला की त्याची दुभंगलेली शेपटी आणखी दुभंगली. “वा! आणि लपवाछपवीसुद्धा नाही.” त्याने पंख ओला केला आणि तिच्या कपाळावरचा टिळा फर्रकन पुसून टाकला.

ठमाबाई अंड्यांवरून उठलीच.

“ए काळतोंड्या! माझ्या दारात येऊन माझ्या गुन्हेगाराला हात लावतोस?”

“बाई, तुमच्याच संरक्षणासाठी.”

“मी मागितलं होतं का?”

“संरक्षण मागावं लागत नाही. ते होतं.” कोतवालाने पंख झटकला. “हरकत असेल तर उद्या फेरविचाराला या. गवेसाहेब ऐकतील.”

तो उडून गेला. पुराक्काने कपाळाला पुढचा पाय लावून बघितला. टिळा खरंच गेला होता.

“आता गं?” ती म्हणाली.

“आता काय? जायचं उद्या,” ठमाबाई म्हणाली. “आणि तोंड बंद ठेवायचं. तू बोलायला लागलीस की खरं बोलतेस. मी बोलेन.”

ती बोलणार होती याला कारण होतं. अंडी फुटायला टेकली होती. पुराक्का गेली तर धामण एका दुपारीत चारी गिळणार होती. एवढं कारण पुरेसं होतं. आणखी एक कारण होतं, पण ते ठमाबाईने स्वतःलाही सांगितलेलं नव्हतं.

गवेसाहेबांचं नाव दमदारराव. जंगलाचे फेरविचारपती. त्यांची नेमणूक फार विचार करून झालेली होती. गवा रवंथ करतो. एकदा खाल्लेलं पुन्हा तोंडात आणतो, शांतपणे, बारीक, डोळे मिटून चावतो. फेरविचाराला याच्यापेक्षा लायक कोण? फक्त इतकंच, की सगळं चावून झाल्यावर तो तेच पुन्हा गिळतो.

दमदारराव चरत असतील तिथे न्यायालय भरे. त्या दिवशी ते माळाच्या कडेला, करंजाच्या सावलीत बसले होते. ठमाबाईचं नशीब. अंडी नजरेच्या टप्प्यात होती. तरी ती एक वाक्य बोलायची, उडून अंड्यांवर जायची, बसायची, पुन्हा यायची.

“साक्षीदार एका जागी बसेल का?” दमदाररावांनी विचारलं.

“साक्षीदाराची अंडी गार पडतात!” ठमाबाई माळावरूनच ओरडली. तसंही तिला जवळ यायची गरज नव्हती.

कोतवाल उभा राहिला. “गुन्हा कबूल आहे. अंडी चार, खाल्ली चार. कमाल मर्यादेपर्यंत गुन्हा झालेला आहे.”

“हं,” दमदारराव म्हणाले आणि घास वर आणला. “पुन्हा करील का?”

“रोज अंड्यांपाशी बसते, साहेब. तीन उन्हाळे. नजर हटत नाही.”

“राखतेय ती!” ठमाबाई ओरडली. “नजर हटवली तर राखण कसली? तीन उन्हाळे अंड्यांपाशी बसून एक फोडलं नाही तिने, आणखी काय पुरावा पाहिजे?”

“याचा अर्थ, संयम भयंकर आहे,” कोतवाल म्हणाला. “अशा गुन्हेगाराची जास्त भीती असते.”

“आणि अंड्यांपासून लांब बसली असती तर?”

“तर म्हणालो असतो, राखणीचा रिवाज मोडला.”

दमदाररावांनी मान डोलावली. त्यांना दोन्ही मुद्दे पटले होते.

“ती परकी कशी ते तरी सांगा,” ठमाबाई म्हणाली. “अंड्यात आली ती इकडे. अंड्यात! कवचाच्या आत! तुम्ही अंड्यांच्या रक्षणाला बसलाय ना? मग ते अंडं नव्हतं का?”

“नदी ओलांडताना त्या अंड्याने परवानगी घेतली होती का?” कोतवालाने विचारलं.

“पुराची घेतली होती,” पुराक्का न राहवून म्हणाली.

“बघितलंत? पश्चात्ताप नाही,” कोतवाल म्हणाला.

“तुला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं!” ठमाबाई माळावरून खेकसली.

“लेकरांचं हित बघावं, असंही नियमात आहे,” दमदारराव घास या गालातून त्या गालात सरकवत म्हणाले. “कुठे आहेत लेकरं?”

“अंड्यात, साहेब.”

“मग बाहेर आल्यावर बघू.”

“ही गेली तर येतील का बाहेर?” ठमाबाईने विचारलं, पण तोवर पुढचा मुद्दा आला होता.

पुढचा मुद्दा म्हणजे जंगलाची अपेक्षा. जंगलाला काय वाटतं, हे बघितल्याशिवाय फेरविचार पुरा होत नाही. आता एवढ्या मोठ्या जंगलाला विचारत कोण फिरणार? म्हणून कोतवाल करंजाच्या फांदीवर बसला, घसा साफ केला आणि जंगलाची अपेक्षा सादर करायला लागला.

आधी तित्तिराच्या आवाजात: “अशा लोकांना ठेवायचं म्हणजे अतीच झालं!” मग मोराच्या आवाजात: “आमच्या वेळचं जंगल राहिलं नाही!” मग सशाच्या आवाजात, अगदी बारीक, थरथरत: “आम्हांला भीती वाटते हो!”

खरा ससा समोरच गवत खात बसला होता. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि शेजारणीला विचारलं, “मी काही बोललो का?”

“बोललास की. छान बोललास,” शेजारीण म्हणाली.

आणि मग माळावर एक आवाज घुमला. टिवटिव करणारा, कान किटवणारा, कुणालाही ओळखू येणारा. “हाकला तिला! माझी पोरं खाल्ली तिने! मला न्याय पाहिजे!”

ठमाबाईची चोच उघडी पडली. तो तिचाच आवाज होता.

“अरे, ही मी नव्हे! मी इथे आहे! अंड्यांवर!”

“पीडितेचं म्हणणं आलं आहे,” दमदारराव म्हणाले. “स्पष्ट आणि खणखणीत.”

“मी पीडिता! मी, मी! मला नकोय तिला हाकललेलं!”

कोतवालाने आवाज खाली आणला. “साहेब, पीडिता दहशतीखाली आहे. आरोपी रोज तिच्या दारात बसते. अशा वेळी पीडितेला काय वाटतं यापेक्षा काय वाटायला पाहिजे, ते धरावं लागतं.”

“दहशत? मला? हिची?” ठमाबाई एवढ्या जोरात ओरडली की करंजाच्या चार शेंगा खाली पडल्या. “अरे, हिलाच विचारा दहशत कुणाची आहे ते!”

“हिचीच,” पुराक्का लगेच म्हणाली. “तीन उन्हाळे झाले, रोज शिव्या खाते मी.”

गवत खाणारी मंडळी हसली. दमदाररावसुद्धा, गव्याला जेवढं हसता येतं तेवढं, नाकातून हसले. त्यांनी डोळे मिटले. घास पार बारीक झाला होता. निर्णय आता घशापाशी आला होता.

त्यांनी कोतवालाला विचारलं, “पीडितेने ‘भरलं’ म्हटलं आहे का?”

“नाही साहेब. तीन उन्हाळे झाले, अजून नाही.”

“हं,” दमदारराव म्हणाले. आणि त्यांनी ती भली थोरली मान खेदाने हलवल्यासारखी हलवली.

ठमाबाईने ते ऐकलं आणि ती मान हललेली पाहिली.

म्हणजे अडलंय ते इथे! तिला वाटलं. बाकीचं सगळं बोलणं वरवरचं. मी अजून मन मोठं केलं नाही, माफ केलं नाही, म्हणून हे लोक तिला माफ करत नाहीत. माझ्या हट्टापायी ही नदीपार जाणार. आणि ते दुसरं कारण, जे तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं, ते तेव्हा तिला सरळ कळलं. ही भवानी गेली तर भांडायचं कुणाशी?

पोरांनो, ‘भरलं’ हा शब्द ठमाबाईच्या घशात तीन उन्हाळे अडकून बसला होता. तो काढताना तिचे डोळे भरून आले. अंडी उघडी टाकून ती उडाली, थेट दमदाररावांच्या शिंगावर जाऊन बसली आणि सगळ्या जंगलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“भरलं! ऐका सगळे! भरलं, भरलं, पुरतं भरलं! हिची राखण झाली! मी हिला माफ केलं!”

पुराक्का बघत राहिली. घोरपडीला रडता येत नाही म्हणतात. येत असावं.

कोतवालाने मात्र शेपटी एकदा उघडली आणि मिटली.

“आभारी आहे, बाई,” तो म्हणाला, या वेळी आपल्या स्वतःच्या आवाजात. “शिक्षा संपली.”

दमदाररावांनी डोळे उघडले. त्यांच्या तोंडावर खरंच वाईट वाटल्याचं दिसत होतं.

“अरेरे, बाई,” ते म्हणाले. “दोन घास थांबला असता तर! नियम काय आहे? शिक्षा पुरी भोगून झाली असली, तरच टिळा पुसायचा. हिची राखण चालू होती. म्हणजे शिक्षा चालू होती. म्हणजे कोतवालांनी घाई केली होती. घोरपडीला टिळा परत लावा आणि माळावर बसू द्या, हाच निर्णय आम्ही चावत होतो. तुम्ही ‘भरलं’ म्हणेपर्यंत तिला कुणी हात लावू शकत नव्हतं.”

“मग मी नाही म्हटलं!” ठमाबाई शिंगावरून पडता पडता राहिली. “परत घेते! नाही भरलं! अजिबात नाही भरलं! कसलं भरलं? चार पोरं खाल्लीत तिने माझी!”

“माफी परत घेता येत नाही, बाई. टिळा परत घेता येतो. माफी कायमची असते.” आणि दमदाररावांनी घास गिळला. तोच. पहिलाच.

निर्णय असा झाला की कोतवालाने पुसलेला टिळा आजपासून पुसलेला धरावा. निर्णयात शेवटी असंही होतं, की हे सारं ठमाबाई टिटवीच्या संरक्षणासाठी करण्यात येत आहे.

पुराक्काला न्यायला नदीतलं म्हातारं कासव आलं. पाठ ओली करून किनाऱ्याला थांबलं. ठमाबाई अंड्यांवरून उठू शकत नव्हती, म्हणून पुराक्काच तिच्याकडे आली.

“बाई, तू माफ करायला जरा उशीर करायचीस,” ती म्हणाली.

“तीन उन्हाळे केला की! आणखी किती करायचा?”

“आणि बोललीस ती किती मोठ्याने!”

“मला हळू बोलता येतं का?” ठमाबाईचा आवाज चिरकला. “तिकडे गेल्यावर आधी ऊन बघून बस. ओलीला बसू नकोस. कपारीत गेल्यापासून तुझा मागचा डावा पाय धरतो.”

“तुला कसं माहीत?”

“समोर बसून दुसरं बघायला काय होतं मला?”

“बरं, ऐक. धामण झुडपाच्या उजवीकडून येते. ती आली की—”

“मला शिकवू नकोस. अंडी माझी आहेत.”

“हो, तुझीच आहेत,” पुराक्का म्हणाली आणि कासवावर चढली. तिच्या जागी मातीत बुडाचा खळगा तेवढा राहिला.

धामण दुसऱ्याच दुपारी आली. उजवीकडूनच. ठमाबाई पंख मोडल्याचं सोंग करून तिच्यासमोर फडफडली, लोळली, तिला लांब नेलं, परत येऊन डोळ्यांवर चोच मारली, नदीतले मासे तळाला जाईपर्यंत ओरडली. तीन अंडी वाचवली. एक गेलं. ते सगळ्यात आधी टकटक करणारं होतं.

ठमाबाई तशीच फेरविचारपतींकडे गेली.

“धामणीने माझं अंडं खाल्लं. तिला नदीपार करा.”

“नदीपार?” दमदारराव दचकले. “पण ती इथली आहे, बाई! तिला तिकडे पाठवणं म्हणजे त्या बिचाऱ्या पलीकडच्या लोकांवर अन्याय.”

“तर कपारीत घाला.”

“समज दिली आहे. तिला वाईट वाटलं असावं. वेटोळं करून पडली होती.”

“मग निदान राखणीला बसवा माझ्या दारात! तेवढा तरी रिवाज आहे ना?”

“होता,” फांदीवरून कोतवाल म्हणाला. “बंद केला कालपासून. त्या रिवाजामुळे गुन्हेगार पीडितांच्या दारात आढळत होते.”

ठमाबाई या वेळी ओरडली नाही. ज्यांनी तिला ओळखलं होतं ते म्हणतात, तेव्हाच जंगलाने खरं घाबरायला हवं होतं.

उरलेली तिन्ही अंडी फुटली. पिल्लं निघाली ती आईच्याच घशाची. ठमाबाईने त्यांना झुडपाची उजवी बाजू आधी दाखवली आणि दाणे मग. त्यांच्या पंखांत बळ येईपर्यंत ती थांबली. आलं, तशी एके सकाळी तिघांना घेऊन ती नदीवरून उडाली आणि पलीकडे उतरली.

पलीकडेही टिळे होते. असायचेच. नदीला दोन काठ असतात आणि प्रत्येक काठाला दुसरा काठ परका असतो. तिथे किनाऱ्यावरच्या वाळक्या फांदीवर निळा खंड्या बसला होता. येणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करून टिळा लावायचा की नाही ते तो ठरवायचा. त्याच्यापासून थोड्या अंतरावर, उन्हात, एक घोरपड एकटीच पडली होती. तिकडच्या घोरपडी तिच्याशी बोलत नसत. तिची बोली इकडची होती ना!

“थांबा,” खंड्या म्हणाला. “इकडे कशाला?”

“राहायला,” ठमाबाई म्हणाली.

“तिकडे काही गुन्हा केलाय?”

“नाही. एकदा माफ केलं होतं. पुन्हा नाही करणार.”

खंड्याने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. असं उत्तर त्याला कुणी दिलं नव्हतं. “नुसतं राहायला येता येत नाही, बाई. इथे कुणी आपलं माणूस लागतं. आहे का कुणी तुमचं?”

“आहे की,” ठमाबाई म्हणाली आणि उन्हातल्या घोरपडीकडे चोच केली. “ती काय, लोळत पडलीय. माझी चार पोरं खाल्ली तिने. इतकं जवळचं दुसरं कुणी नाही मला.”

तात्पर्य: मुलांनो, क्षमा हा फार थोर गुण आहे, म्हणून तो चारचौघांत वापरू नये. कुणावर मनापासून जीव जडला असेल, तर त्याचा अपराध जन्मभर धरून ठेवावा आणि कुणी सरकारी माणूस जवळपास असेल तर दोन शिव्या जास्त द्याव्यात.